परातीतला किल्ला

अण्णा, खाडी उत्तरेला आहे. किल्ल्याचा मोठा दरवाजाही उत्तरेलाच आहे, खाडीकडे तोंड करून. दक्षिणेला नुसता कातळ, त्यावर वाळलं गवत आणि शेळ्या. हे मी गेल्या मे महिन्यात स्वतः बघून आले. तुम्ही मला दोन वर्षं बरोबर याच्या उलट शिकवत होतात, आणि ते मला कळायला तुम्हाला जाऊन सहा वर्षं व्हावी लागली, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही समोर असतात तर यातलं एक वाक्यही माझ्या तोंडून निघालं नसतं. ते आधीच कबूल करते, नाहीतर मी फार धीट झाले आहे असं वाटायचं.

तो किल्ला सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. फौजा येऊन राज्य पालटलं होतं, तुमची कचेरी काही दिवस बंद होती, आणि तुम्ही घरात बसून होतात. शाळेत तुम्ही मला घातलंच नव्हतं, जे काही येत होतं ते तुमच्याकडून. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, आईनं चाळून ठेवलेल्या जोंधळ्याच्या पिठाची परात पुढे ओढलीत आणि पिठाचा डोंगर केलात. बोटानं तटबंदी काढलीत. पश्चिमेला तांब्यातून पाणी सोडलंत, तो समुद्र. मग दक्षिणेकडून बोट फिरवून खाडी आत आणलीत आणि मोठा दरवाजा तिच्याकडे तोंड करून ठेवलात. किल्ला कोणत्या राजाचा असं मी विचारलं, तर म्हणालात, राजांच्या आधीचा आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ती कोणी खोदली हे कोणालाच माहीत नाही. लग्नाआधी सहा महिने तिकडे राहिला होतात, रोज चढत होतात, असं म्हणालात. आई चुलीपाशी बसून सांगत होती, "तवा तापायलाय, पीठ द्या आता." तुम्ही हात वर करून तिला थांबवलंत. शेवटी तिनं परात ओढून घेतली आणि डोंगर, टाकी, समुद्र सगळं एकत्र मळून भाकरी थापली. त्या दिवसानंतर आठवड्यातून दोनदा तरी आपण तो किल्ला खाल्ला.

किल्ल्यावर चढलात की तुमची भाषा बदलायची. आईशी "कामून", "न्हाई" म्हणणारे तुम्ही परातीसमोर बसलात की एकदम पुस्तकातल्यासारखं बोलायला लागायचात. "वरून पाहिलं की समुद्र खाली दिसत नाही, समोर उभा दिसतो. भिंतीसारखा. आणि गलबतं त्या भिंतीवर चढत आहेत असं वाटतं." हे वाक्य तुमचं ठरलेलं होतं. ते म्हणताना तुम्ही छपराकडे बघायचात. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं. आता वाटतं, बायकोला आणि पोरीला दिपवायला माणसाला किती कष्ट घ्यावे लागतात.

आणि आपल्या मुलखाबद्दल किती तुच्छतेनं बोलायचात. तांबडी माती, काळी माती, मध्ये बाभळी, बघण्यासारखं काय आहे, असं म्हणायचात. इथल्या लोकांना तीन तीन भाषा येतात आणि एकीतही सांगण्यासारखं काही नसतं, म्हणायचात. तुम्हाला तर चार येत होत्या. चारींतून मिळून सांगायला तुमच्याकडे एक परात होती. थंडीच्या दिवसांत सकाळी उठून गावाबाहेर जायचात, जिथं पठार संपतं आणि खाली मांजरा नदीकडचा सखल भाग सुरू होतो तिथं, आणि कड्यावर तासभर उभे राहायचात. आई पाणी तापवून वाट बघायची. परत आलात की ती विचारायची, "काय बघून आलात?" तुम्ही म्हणायचात, "इथं काय बघायचं असतं?"

एकदा मी खाडी चुकीच्या बाजूनं काढली. म्हणजे तेव्हा चुकीच्या. परात जरा कललेली होती, पाणी उत्तरेकडे धावलं, आणि मी तिथंच खाडी केली. मी म्हणाले, "अण्णा, इकडून असली तर काय बिघडतं? दरवाजाही इकडेच करू." तुम्ही माझा हात परातीतून बाहेर काढलात. "जो स्वतः बघून आलाय त्याला तू शिकवतेस?" असं म्हणालात, आणि मला दारात उभं केलंत. भाकऱ्या होईपर्यंत मी पिठाचे हात तसेच धरून उभी होते. संध्याकाळी तुम्ही मला कचेरीतली कठीण शिशाची पेन्सिल दिलीत, नकाशे उतरवायची. मला वाटलं, माफ केलंत. त्या पेन्सिलीनं मी तुमचा किल्ला शंभर वेळा तरी काढला असेल, खाडी दक्षिणेला ठेवून.

तुम्ही जमिनीच्या नकाशांची नक्कल करणारे होतात, हे मला राहून राहून आठवतं. ठाणाकुशनूरच्या शिवारातला एखादा बांध काडीभर इकडचा तिकडे झाला असता तर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उठले असते, म्हणून तुम्ही श्वास रोखून रेघ ओढायचात. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, एकाच कागदावर, आणि कधी खाडाखोड नाही. परक्यांच्या जमिनीत काडीची चूक केली नाहीत. मला शिकवताना मात्र अख्खी खाडी उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलीत आणि वर दारात उभं केलंत.

आता माझं ऐका. तुम्ही गेल्यावर मी परीक्षा दिल्या, आणि आता मुलींच्या शाळेत शिकवते, दोन वर्षं झाली. भूगोलाच्या तासाला परात घेऊन जाते. मुलींना ते फार आवडतं. सातवीत एक मुलगी आहे, ठाणाकुशनूरकडचीच, आपल्या गल्लीत मामाकडे राहते. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तिचे. मागच्या वर्षी तिनं नकाशात खाडी उत्तरेला काढली. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, पुस्तकातल्या चित्रात तसंच हाय की." मी म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यानं किल्ला बघितलाय का? माझ्या अण्णांनी बघितलाय." ती म्हणाली, "तुमच्या अण्णांनी बघितला, तसा पुस्तकवाल्यानं बी बघितला असंल." सगळा वर्ग हसला. मी तिला तासभर दारात उभं केलं आणि नकाशा खोडून पुन्हा काढायला लावला. तेव्हापासून तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

आमच्या मोठ्या बाई कोकणातल्या, किल्ला त्यांच्या गावापासून चार मैलांवर. सुट्टीत त्या म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, तुमच्या परातीतला किल्ला एकदा दगडात बघा. पायथ्याशी पोचल्यावर मी पुढे झाले, वाट मला पाठ होती ना. बाई मागून ओरडल्या, "अहो, तिकडं कुठं निघालात?"

"दरवाजा इकडेच आहे ना?"

"तिकडून आत जायचं तर शेळी व्हावं लागेल."

मी म्हणाले, "माझे अण्णा रोज इकडूनच चढायचे." बाईंनी कातळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कधी?" मी म्हणाले, माझ्या जन्माच्या आधी. "मग मधल्या काळात कोणीतरी किल्ला फिरवून ठेवला असेल," असं म्हणून त्या उत्तरेच्या वाटेला लागल्या. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, त्या तशाच बोलतात. पण मी खाली मान घालून चढले. वर टाकी होती, तुम्ही म्हणालात तशीच, फक्त ज्या टोकाला असायला हवी त्याच्या उलट टोकाला. तिथं बसून मला समुद्र नाही आठवला, दारात उभी असलेली ती मुलगी आठवली. समुद्राचं पुढे लिहीन.

परत आल्यावर मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. जुन्या रुमालांखाली तेल लावून पारदर्शक केलेला एक कागद निघाला. किल्ल्याचा आराखडा. नावं तुमच्या अक्षरात, खाडी दक्षिणेला. कागदावरून बोट फिरवलं तर रेघा फुगीर लागल्या. म्हणजे पेन्सिल दुसऱ्या बाजूनं दाबलेली होती. मी कागद उलटून खिडकीशी धरला, समुद्र पश्चिमेलाच राहील असा. खालची खाडी वर गेली. दरवाजा, टाकी, सगळं जिथल्या तिथं बसलं. कुणाच्या तरी पुस्तकावर कागद ठेवून किल्ला उतरवून घेतलात आणि नावं घरी येऊन पाठीमागच्या बाजूनं लिहिलीत. एकदा जरी ती वाट चढला असतात तरी पहिल्याच नजरेला कळलं असतं. तुम्ही कधी गेलाच नव्हतात.

मला राग आला असं म्हटलं तर ते मोठेपणा दिल्यासारखं होईल. मला लाज वाटली. खोटं बोलायचंच तर माणसानं ते नीट बघून तरी बोलावं. आता नोव्हेंबरात आपला जिल्हा म्हैसूर राज्यात जाणार म्हणतात, सगळीकडे नकाशांच्या गप्पा चालल्या आहेत, आणि मी त्या ऐकताना सारखी विचार करते की या रेघा ओढणारा तरी तिथं गेला होता का. हा संशय तुम्ही मला दिलात. तोच तुमचा वारसा.

वर्गात खरं सांगायचं तर प्रश्न आईचा होता. ती अजून बायकांना सांगते, "आमच्यांनी दर्या बघितलेला." तुमच्या श्राद्धाला जेवायला आलेल्यांनाही ती हेच सांगते, दुसरं सांगण्यासारखं तुम्ही तिच्यासाठी काही ठेवलं नाहीत. आणि आई आणि त्या मुलीची मामी एकाच विहिरीवर पाणी भरतात. वर्गात सकाळी बोललं की संध्याकाळी घरी पोचणार. शाळा उघडल्यावर आठ दिवस मी गप्प बसले. त्या आठ दिवसांत मुलगी रोज समोर बसायची, वहीत बघून. नवव्या दिवशी मी कागद वर्गात नेला, खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी दाखवला, आणि तिला उभं करून म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी तुला उगाच दारात उभं केलं."

ती म्हणाली, "मी तवाच म्हनलं होतं, बाई." मग बऱ्याच महिन्यांनी पहिला प्रश्न विचारला. "मंग तुमचे अण्णा गेलतेच न्हाईत व्हय?"

मी म्हणाले, "नाही."

संध्याकाळी आई घागर घेऊन आली. घागर खाली ठेवली, पदरानं हात पुसले. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं पिठाचा डबा काढला, परात घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू तरी बघून आलीस की. कसा असतो समुद्र?"

मी तोंड उघडलं. टाकीपाशी बसले होते तेव्हा शेवटी मान वर केली होती ते आठवलं. मी नीट, खरं, माझं काहीतरी सांगणार होते. म्हणाले, "वरून खाली दिसत नाही, आई. समोर उभा दिसतो, भिंतीसारखा. होड्या त्याच्यावर चढायल्यात असं वाटतं."

आईचा हात पिठात थांबला. "हेच तर ते सांगायचे," ती म्हणाली. "मंग ते गेले न्हाईत असं कामून म्हनायलीस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गावाबाहेर कड्यावर गेले. पावसाळी धुकं होतं, खालचं सगळं भरून गेलं होतं, आणि ते खाली नव्हतं, समोर होतं. दोन बैलगाड्या त्यातून वर चढत होत्या. मी बराच वेळ उभी राहिले. घरी आले तर आईनं विचारलं, काय बघून आलीस. मी म्हणाले, "काहीच नाही."

त्या मुलीची मी माफी मागितली, तो हिशेब पुरा झाला. तुमच्याबद्दलचं मत मी बदललेलं नाही, आणि हा कागद पाठवायला पत्ताही नाही. फक्त एक राहिलं. आईला त्या संध्याकाळी मी शेवटी म्हणाले, "गेले असतील." आणि तो तेलाचा कागद पेटीत परत ठेवताना तुम्ही लिहिलेली नावं वर येतील असाच ठेवला.