पंखाचं कापड शाबूत होतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हौस रिमोटवरची छोटी विमानं उडवण्याची, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता लिहून ठेवते. दडपण आलंच नाही असं नाही. मुलगा आणतो, डॉक्टरीणबाई आणतात, मैदानावरच्या विमान क्लबचे अध्यक्ष तर तीस वर्षं आणताहेत. पण लागू कोणाचंच पडलेलं नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नजर चष्म्यासकट उत्तम आहे आणि हात थरथरत नाहीत. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर एका दमात सुईत दोरा ओवून दाखवावा, मग बोलावं.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते चिरंजीवांनी टाईप करून आणलं होतं आणि मी न वाचता सही ठोकली होती. न बघता सही केली की काय होतं, ते पुढे येईलच.

हे आजच लिहायचं कारण असं, की आज दुपारी एक वाजता मी मैदानावर आमच्या ह्यांचं पिवळं विमान उडवणार आहे. काल सकाळी दोरीवर घातलेला टॉवेल अजून ओला आहे, इतकी हवा दमट. पंख्याखाली बसूनही कागदाला हात चिकटतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, अशा उकाड्यात भर उन्हात उभ्या राहिलात, तर तुमचं हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही." म्हटलं, देऊ दे. आजवर माणसांनी दिला तो पचवला, हे तर माझ्याच अंगातलं. सबब, पुढीलप्रमाणे व्यवस्था.

कलम एक, घर. राहतं घर मुलगा व सून या दोघांच्या नावे समान हक्काने करण्यात यावे. "आईने नुसतं माझंच नाव घालायला हवं होतं," असं चिरंजीव म्हणतील. म्हणू देत. मागच्या खोलीला मात्र त्यांनी हात लावायचा नाही. तिथल्या लांब टेबलावर अख्खा पंख मावतो, आणि कपाटात एक साधा बल्ब रात्रंदिवस चालू असतो. तो का, हे चिरंजीवांनी वीस वेळा विचारलं, वीस वेळा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. एकविसाव्यांदा लिहिते: विमानाचं लाकूड हलकं असतं, ते दमट हवेत पाणी पितं आणि वाकतं. बल्बच्या उबेने ते कोरडं राहतं. मी गेले म्हणून बल्ब विझवायचा नाही.

कलम दोन, बँकेतली शिल्लक. ती चिरंजीवांना. किती आहे ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

कलम तीन, शिलाई मशीन, मोठी कात्री आणि मोजपट्ट्या. हे सगळं सूनबाईंना. त्या शहर बस चालवतात, शिवणकामाची त्यांना गोडी नाही, तरी त्यांनाच. कारण कात्री कोणाच्या हातात द्यावी हे मला कळतं. चिरंजीवांनी या कात्रीने एकदा पत्रा कापला होता. मी विसरलेले नाही.

माझे हेच शिवणारे हात आमच्या ह्यांनी विमानांसाठी मागून घेतले होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एक उघडा पंख घेऊन आले. नुसत्या फासळ्या, कोंबडीसारख्या. म्हणाले, "तू नवरीचे पोशाख शिवतेस, याला रेशीम चढवशील?" मी ओलं रेशीम ताणून बसवलं, वर उग्र वासाचं वार्निश दिलं. वाळल्यावर टिचकी मारली तर ढोलक्यासारखं वाजलं. ह्यांनी मला उचलून गरकन फिरवलं. पुढे चोवीस वर्षं त्यांच्या सगळ्या विमानांना मी कापड चढवलं. उडवायचं मात्र त्यांनी, आणि मी झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचं. "मला एकदा दे ना," म्हटलं की, "पुढच्या रविवारी हं." असे रविवार किती गेले ते मोजले असते तर वेड लागलं असतं.

कलम चार, ह्यांची वही. या कलमाला वेळ लागेल. साक्षीदारांनी पाणी पिऊन घ्यावं.

आमचे हे वजनमापं निरीक्षक होते. लोकांचे काटे तपासण्यात हयात गेली. त्यांना लांबून येताना पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घेत. असा चोख माणूस. बावीस वर्षांपूर्वी, अशाच एका घामट दुपारी, ह्यांनी पिवळं विमान उडवलं. चाकं सुटली, झुळूक आली, डावा पंख थोडा खाली गेला. एवढं नेहमीचंच. पण ह्यांनी जसजसं उजवीकडे सावरलं तसतसं ते डावीकडेच कलत गेलं, पालथं झालं आणि नाकावर आपटलं. सगळा खेळ चार श्वासांचा.

सगळ्यांच्या आधी अध्यक्ष बोलले. यांना सगळे कमांडर म्हणतात. सैन्यात कधी नव्हते, टपाल खात्यात पार्सलांचं वजन करायचे, पण टोपी तशी घालतात. कमांडर म्हणाले, "दमट हवेने कापड सैल पडलं. घरच्या शिलाईवर विसंबलं की असंच." मैदानातली सगळी तोंडं झाडाकडे, म्हणजे माझ्याकडे वळली. मी हातातली बाटली धरून उभी राहिले. कमांडरांनी लगेच अपघात-वहीत नोंद केली, ती आजही तशीच आहे: "कारण: पंखाचे कापड सैल. कापडकाम: सभासदाच्या सौ. यांचे."

घरी आल्यावर हे जेवायला बसले आणि म्हणाले, "जाऊ दे गं. होतं असं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

मला क्षमा केली हो!

त्या दिवसानंतर मी एकाही पंखाला कापड लावलं नाही. बोटांवरचा विश्वास उडाला. पोशाख शिवतानासुद्धा शिवण घालायची, उसवायची, परत घालायची. गिऱ्हाइकं म्हणायची, ताईंचा हात हल्ली जड झालाय. मोडकं पिवळं विमान पेटीत बंद करून माळ्यावर चढलं. ह्यांनी ते टाकूही दिलं नाही आणि उघडूही दिलं नाही. मला वाटायचं, केवढं दुःख झालंय बिचाऱ्यांना. अकरा वर्षांनी हे गेले. पेटी माळ्यावरच.

यंदा चिरंजीवांनी माळा रिकामा करायचा हट्ट धरला, म्हणून पेटी उघडली. नाक चेपलेलं, चाकं गेलेली. पंख मात्र, दोन्ही, सलग. टोकाला एक चीर, तीही जमिनीवर आपटल्याची. बावीस वर्षांनी टिचकी मारली तर वाजला.

मग मी खाली बसले आणि एकेक भाग बघितला. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्या एक छोटी मोटर वरखाली करते, त्यावरच विमान कलतं. ती मोटर इतर भागांपेक्षा नवी होती. बॅटरी जोडली, ह्यांचाच रिमोट घेतला, दांडी उजवीकडे ढकलली. उजवी पट्टी वर जायला हवी. गेली डावी. दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा डावी. नवी मोटर उलटी फिरणारी होती आणि ह्यांनी तपासलं नव्हतं. जगाचे काटे तपासणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पेटीच्या तळाशी ह्यांची वही होती. त्याच तारखेला, त्याच वळणदार अक्षरात: "मोटर बदलली. फिरण्याची दिशा बघायची राहिली." आणि खाली, अधोरेखित: "तिला सांगायला हवे."

अकरा वर्षं होती त्यांच्याकडे. रोज दोन वेळा समोरासमोर जेवत होतो. मी ती वही घेऊन मागच्या खोलीत मोठमोठ्याने भांडले. शेजारीण विचारायला आली, कोणाशी बोलताय? म्हटलं, नवऱ्याशी. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे भांडण अर्धंच राहतं. मला ह्यांचा राग आहे आणि ह्यांची आठवणही येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतं, त्याला मी काय करू?

सदर वही चिरंजीवांना देण्यात यावी. वाचावी आणि एवढंच शिकावं, की चूक झाली तर बायकोला त्याच दिवशी सांगायची, जेवायला बसायच्या आधी.

कलम पाच, मैदान. ज्या जमिनीवर ही मंडळी चाळीस वर्षं विमानं उडवताहेत ती माझ्या वडिलांकडून मला आलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. भाडं कधी घेतलं नाही. ह्यांच्या पश्चात, एकसष्टाव्या वर्षी, मी सभासदत्वाचा अर्ज केला. कमांडर वही उघडून म्हणाले, "वहिनी, तुमच्या नावावर अपघाताची नोंद आहे. नियमात बसत नाही." म्हटलं, नियम तुमचा, जमीन माझी. आणि बिनसभासद उडवायला लागले. पहिलं विमान झाडात गेलं, दुसरं नाल्यात, तिसरं उतरलं. आज दहा वर्षं उडवते आहे.

मैदान मी क्लबला कायमचं देते, एका अटीवर. अपघात-वहीतली ती ओळ कमांडरांनी स्वतःच्या हाताने खोडावी आणि लाल शाईने लिहावं: "पंखाचे कापड शाबूत होते." हे सगळ्या सभासदांसमोर मोठ्याने वाचावं. आजपासून महिन्याच्या आत हे न झाल्यास मैदान चिरंजीवांना जावं. त्यांच्याकडे गोदामवाल्याचा फोन महिन्यातून दोनदा येतो, आणि ते मैदान एक दिवसही रिकामं ठेवणार नाहीत, याची मी आई म्हणून हमी देते.

कमांडर म्हणतील, ही सूडबुद्धी. सूडबुद्धी असती तर मी आणखी एक गोष्ट लिहून घेतली असती. विमान उडवण्याआधीचा कमांडरांचाच नियम असा: मालकाने दांडी हलवायची, दुसऱ्याने विमानामागे उभं राहून पट्ट्या बघायच्या आणि खणखणीत आवाजात ओरडायचं, "उजवी वर! डावी वर!" मग क्लबच्या वहीत "तपासणी ठीक" लिहून आद्याक्षर करायचं. त्या दिवशीच्या पानावर "तपासणी ठीक" आहे. आद्याक्षर कमांडरांचं आहे. मी झाडाखालीच होते. कोणी ओरडल्याचं मला आठवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण ते मी वहीत लिहा म्हणत नाही. ते त्यांचं त्यांनी बघावं.

कलम सहा, पिवळं विमान. हे सूनबाईंना. नाक नवं केलं आहे, मोटर सुलटी लावली आहे, कापड जुनंच, फक्त चिरेला ठिगळ. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं, आणि भले भले तिथे गडबडतात. मी चार महिने गडबडले. सूनबाईंनी माझं दुसरं विमान पहिल्याच दिवशी वळवून आणलं. विचारलं, कसं गं जमलं? म्हणाली, "अहो आई, बारा मीटरची बस रोज आरशात बघून मागे घेते मी. यात काय आहे?" चिरंजीवांना हे ठाऊक नाही. आता झालं.

सूनबाई, एक लक्षात ठेव. कमांडर तीस वर्षं सांगताहेत, दमट हवा जड असते, विमान झकास उचलेल. ऐकू नकोस. घामाघूम माणसाला ती जड वाटते, विमानाला मात्र ती पातळ लागते. इंजिनाचा दम कमी पडतो, धाव लांब लागते, उतरताना वेग जास्त राहतो. तेव्हा घाई करायची नाही, धावपट्टी संपेपर्यंत धीर धरायचा. आणि मागे उभा असलेला माणूस ओरडल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो कितीही टोपीवाला असो.

कलम सात. मी गेल्यावर कमांडरांनी भाषण करू नये. एवढंच.

साक्षीदारांविषयी: कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, म्हणून कमांडरांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे. दोन्ही साक्षीदारांना मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या कलमाला कमांडरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पाचव्याला म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाची अब्रू अशी..." म्हटलं, जिवंत बाईची अब्रू बावीस वर्षं तुमच्या वहीत पडून होती, तेव्हा नाही सुचलं? कमांडरांनी घाम पुसला. मग पेन मागितलं.

आता सव्वाबारा झाले आहेत. विमान गाडीत चढवलं आहे, सूनबाई खाली हॉर्न वाजवते आहे. परत आले तर हे मृत्युपत्र कपाटात, बल्बच्या शेजारी राहील. नाही आले तर वर लिहिल्याप्रमाणे व्हावं, काना-मात्रेचा फरक न करता.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: मे महिन्याचा तिसरा मंगळवार.

लिहून देणार: (सही) शिवणकाम करणारी व वैमानिक.

साक्षीदार एक, डॉक्टरीणबाई: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत व त्यांनी माझ्यासमोर सही केली. सल्ला ऐकत नाहीत, हा वेगळा विषय. मी सोबत मैदानावर जात आहे. (सही)

साक्षीदार दोन, अध्यक्ष: बाईंनी माझ्यासमोर सही केली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी पाहिले नव्हते. ऊन फार होते, मी छत्रीखाली बसूनच "ठीक" लिहिले. आज मागे मी उभा राहीन, आणि ओरडेन. (सही)