दोन बुलेट, एक ओळ

३ जून, सकाळ
काल क्लबात पुन्हा रक्त. रक्ताबद्दल तक्रार नाही. बॉक्सिंग क्लब आहे, शिवणक्लास नव्हे. तक्रार ही की ते हजेरीच्या वहीवर सांडलं. आमचा हेवीवेट रणगाडा याने एका नवख्याचं नाक फोडलं, तो नवखा नाकासकट माझ्या टेबलावर कोसळला आणि 'क'पासून 'न'पर्यंतचे सगळे बॉक्सर लाल झाले. कोचने तीच वही उचलून दोघांच्या टाळक्यात हाणली. बाइंडिंग गेलं.

सेक्रेटरी या नात्याने निर्णय घेतला. वही बंद, डेटाबेस सुरू. ऑनलाइन कोर्सचे दोन धडे पाहिले. दुसरा अर्धा. पण विषय डोक्यात पक्का बसला. डेटा म्हणजे सुटी माहिती: कोणाचं वजन किती, कोणाचे दात किती शिल्लक. ती एका जागी नीट मांडली की झाला डेटाबेस. आणि तो सांभाळणारा, मागेल त्याला हवं ते काढून देणारा, भलत्याला हात लावू न देणारा प्रोग्राम म्हणजे डीबीएमएस. थोडक्यात, या क्लबचा डीबीएमएस आजवर मीच होतो. कोणी तसं म्हटलं नाही, इतकंच.

५ जून
टेबल तयार. उभे कॉलम: नाव, वजन, फोन, डॉक्टरांचा शेरा. आडव्या ओळी: एका माणसाला एक ओळ. कोचला समजावलं. म्हणाला, टेबल असेल तर रिंगमध्ये ठेव, पोरं एकमेकांच्या डोक्यात तरी घालतील. हसलो नाही.

रणगाड्याला जन्मतारीख विचारली. कशाला हवी, म्हणाला. नियम आहे, म्हणालो. त्याने शेजारच्या पंचिंग बॅगला असा ठोसा दिला की शिवण उसवून भुसा माझ्या कॉलरमध्ये. जन्मतारखेचा कॉलम काढून टाकला. डिझाइन सुटसुटीत असावं.

६ जून, दुपार
आज प्रायमरी की. कोर्सवाल्या बाई म्हणतात, प्रत्येक ओळीत अशी एक गोष्ट हवी जी दुसऱ्या कोणत्याच ओळीत नसेल. नाहीतर कोण कोणता ते कंप्युटरला कळायचं नाही. सरळ एकेक नंबर द्या, म्हणतात. पटलं नाही. नंबर तुरुंगात देतात. आमच्याकडे माणूस रिंगमधल्या नावाने ओळखला जातो, आईने ठेवलेलं नाव विचारलंत तर तो स्वतःच अडखळेल. तेव्हा रिंगमधलं नाव हीच की. बाई हुशार आहेत, पण त्यांनी कधी ठोसा खाल्लेला दिसत नाही.

७ जून
कंप्युटर अडून बसला. 'बुलेट' टाकलं, घेतलं. दुसरा 'बुलेट' टाकला तर लाल अक्षरांत नकार. हे आधीच आहे म्हणे.

क्लबात बुलेट दोन. एक माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. दुसरा दुधाची गाडी चालवतो. वजनाला दोघे सारखेच, अकलेलाही. दोघांना बोलावून म्हटलं, एकाने नाव बदला. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, नाव आधी मी घेतलंय. दूधवाला म्हणाला, घेतलं असशील, शोभतं मला.

मग चेंजिंग रूममध्ये जुंपली. ना ग्लोव्हज, ना पंच. दूधवाल्याने मेव्हण्याचं डोकं लॉकरवर आपटलं, मेव्हण्याने त्याच्या कानाचा लचका तोडला. लॉकरचं दार अजून लागत नाही. मी मध्ये पडलो. म्हणजे खरोखरच पडलो, बाकाखाली.

बाकाखालीच उपाय सुचला. एका नावाला एक ओळ. दोघांपैकी ज्याची माहिती ताजी, ती त्या ओळीत. तीच गोष्ट दोनदा साठवू नये असं कोर्समध्येच सांगितलंय. मी तर माणूसच दोनदा साठवला नाही! बाईंनाही हे सुचलं नसेल.

१५ जून
मेव्हणा आडवा झाला. पाहुण्या क्लबच्या डावखुऱ्याने हनुवटीखालून असा ठोसा घातला की माउथगार्ड उडून पंचांच्या बुटावर पडला. शुद्धीवर आला तो ओकलाच. क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय, मी पुन्हा तपासून चिठ्ठी देईपर्यंत हा रिंगमध्ये उतरता कामा नये, आणखी एक ठोसा महागात पडेल.

ताबडतोब नोंद केली. बुलेट: अनफिट. कोचने आपल्या सवयीप्रमाणे भिंतीवरच्या फळ्यावर खडूने खरडलं, 'सेक्रेटरीचा मेव्हणा बंद'. घरी हिने बजावलं, लक्ष ठेवा त्याच्यावर, तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. म्हटलं, माणसाने लक्ष ठेवायचे दिवस गेले.

२२ जून
दूधवाला सरावाला आला. क्वेरी चालवली. क्वेरी म्हणजे कंप्युटरला रीतसर विचारलेला प्रश्न: आज फिट कोण कोण? उत्तरात बुलेट नव्हता. म्हटलं, घरी जा. म्हणाला, मला काय धाड भरलीय? म्हटलं, ते सिस्टिमला ठाऊक. त्याने आधी मॉनिटरला ठोसा मारला, मग मला. मॉनिटर वाचला.

ओठाला टाके. शिंक आली की जीव जातो. नव्या गोष्टीला विरोध व्हायचाच.

२४ जून
डॉक्टरीणबाईंनी दूधवाल्याला तपासलं. ठणठणीत निघाला. चिठ्ठी आणली त्याने, माझ्या तोंडावर फेकली. नोंद केली. बुलेट: फिट. जुना शेरा गेला, नवा आला. याला अपडेट म्हणतात. वहीत खाडाखोड झाली असती.

मग फळा पुसला. कोच धावून आला. शांतपणे समजावलं, एकच माहिती दोन जागी ठेवली की एक दिवस दोन्ही भांडतात, मग खरं कुणाचं मानायचं? खरं एकाच जागी असावं. आणि त्या जागेचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. कोच म्हणाला, तुझं थोबाड फोडायला पासवर्ड लागत नाही. त्याची चिडचिड समजू शकतो. वय झालंय.

३० जून, सकाळ
आज सामने. यादी सिस्टिमने काढली, मी फक्त बटण दाबलं. बुलेटचं नाव आहे. दूधवाला गाडी घेऊन बाहेरगावी गेलाय, तेव्हा मेव्हणा यादी पाहून नाचतच सुटला.

कोचने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, याला डॉक्टरीणबाईंनी सोडलंय? मी स्क्रीन दाखवली. म्हणाला, स्क्रीन नको, तू तोंडाने सांग, चिठ्ठी पाहिलीस? म्हटलं, पाहिली. चिठ्ठी पाहिली होतीच. बुलेटची चिठ्ठी.

त्याने मेव्हण्याच्या हाताला पट्ट्या बांधायला घेतल्या. एकंदरीत मोठा दिवस. हिलाही सामने बघायला बोलावलंय. माझं काम तिने कधी जवळून पाहिलेलं नाही.

३० जून, संध्याकाळ, हॉस्पिटल
पहिली फेरी मेव्हण्याची. समोरच्याची भुवई फोडली, पुढच्या रांगेपर्यंत रक्ताचे शिंतोडे. ही खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, हाण त्याला! मीही ओरडलो.

दुसऱ्या फेरीत समोरच्याने बरगड्यांत दोन घातले. मेव्हण्याचे हात खाली आले. मग कानशिलावर एकच. फार जोराचाही नव्हता. सगळे हेच म्हणतायत, फार जोराचा नव्हता. मेव्हणा उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ओल्या पोत्यासारखा खाली बसला. मग पाय झाडायला लागला. हिने दोरांखालून आत उडी घेतली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या कानातून काहीतरी येत होतं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. ओरडल्या, याला कोणी उतरवलं? मी कोणतीही चिठ्ठी दिली नाही याची!

आत ऑपरेशन चाललंय. कवटी उघडलीय म्हणे.

१ जुलै
अजून शुद्ध नाही.

मुद्द्याची गोष्ट नोंदवून ठेवतो. सिस्टिममध्ये चूक नाही. तिला जे विचारलं त्याचं तिने बरोबर उत्तर दिलं. बुलेट फिट होता. हे कोचला सांगायला गेलो, तर त्याने रिंगमधलं लोखंडी स्टूल उचललं आणि कंप्युटरवर घालत राहिला. तुकडे उडत होते. थांबला तेव्हा रडत होता. मग म्हणाला, आता तू. मी पळालो नाही. पाय हलले नाहीत. पण त्याने स्टूल खाली टाकलं आणि निघून गेला. ते जास्त लागलं.

बॅकअप नाही. तो चौथ्या धड्यात होता.

 हॉस्पिटलच्या बाकावर हिने विचारलं, तुमच्या त्या टेबलात माझा भाऊ होता का? म्हटलं, होता. म्हणाली, कुठे? मी समजावायला लागलो की ओळ एकच होती, पण. तिने कानफटात मारली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. नर्सने दुसरीकडे पाहिलं.

९ जुलै
मेव्हण्याने डोळे उघडले. ही माहेरी. मी क्लबातून बाहेर. राजीनामा दिला असं लिहितो, कारण तो मी देणारच होतो.

दूधवाला आला होता. वाटलं, आता हा मारणार. त्याने मारलं नाही. मेव्हण्याच्या पायाशी बसून राहिला, जाताना म्हणाला, नाव ठेव रे तूच.

१८ ऑगस्ट
मेव्हणा घरी आलाय. डावा हात उचलत नाही, शब्द शोधावे लागतात. रिंगचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण तोच काढतो. आजचं त्याच्या डोक्यात टिकत नाही. सामन्याचा दिवस तेवढा अर्धा आहे, पहिल्या फेरीपर्यंत.

सासुरवाडीत मला कोणी या म्हणत नाही, पण दार उघडतात. हिनेच निरोप पाठवला होता, रोज दुपारी येऊन त्याच्याजवळ बसा. आजही गेलो. त्याने विचारलं, भाऊजी, मी जिंकलो ना?

जाताना रस्त्यात ठरवलं होतं की या वेळी खरं सांगायचं. खरं तेच सांगायचं, स्वच्छ. सगळी वाक्यं तयार होती. हिने दारातून म्हटलं, सांगा ना, विचारतोय तो.

म्हटलं, जिंकलास.

तो हसला, अर्ध्या तोंडाने. उशीवर मान टाकली, छताकडे पाहत राहिला. मी त्याच्या हाताची बोटं चोळत बसलो. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, जणू मी आत्ताच आलोय.

भाऊजी, म्हणाला, मी जिंकलो ना?