बाकावरची बाई

प्रिय ज्ञानू,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस आणि बापाचं बोलणं सासूबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळं मिरजगाव ऐकतं. हे तुझ्या एकटीसाठी आहे. दार लावून वाच.

दिवाळीला आलीस तेव्हा माझं स्टेशन अर्धवट होतं. जावईबापूंनी निवृत्तीला खेळण्यातली आगगाडी काय दिली, जन्मभर एसटी चालवलेला माणूस रेल्वेच्या नादी लागला, म्हणून तू पोटभर हसून घेतलंस. आता या, बघा म्हणावं. रुळांच्या मागे डोंगर उभा राहिलाय, थर्माकोलचे तुकडे रचून वर खळीत भिजवलेले पेपर चिकटवलेत. केरसुणीची पाती कापून उसाचा फड केलाय. तांब्याच्या तारेला पीळ देऊन बाभळी पुऱ्या केल्यात, त्यांवर हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजचा चुरा. बोटभर बाभळीला काटे कुठून आणायचे ते मात्र अजून सुचलेलं नाही.

गंमत झाली मातीची, तू यायच्या आधीच. मळ्यातली काळी माती आणली, फडक्यातून चाळली, डिंकावर पसरली, तर म्हशी लोळून गेल्यासारखा नुसता चिखल दिसायला लागला. समोरच्या सविताबाई, तुझी दिवाळीची ब्लाउजं ज्यांनी शिवली त्या, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अवो आन्ना, रांगोळी घाला की तिच्यात मूठभर." घातली, आणि माती हुबेहूब आपल्या कोपरगावच्या रानासारखी झाली, उन्हात भाजलेली. खरी माती खोटी दिसते आणि रांगोळी मिसळली की खरी, हे कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. तेव्हापासून दुपारी मशीन बंद करून त्या येऊ लागल्या. मी तारा पिळायचो, त्या स्पंज लावायच्या. तुझ्या आईसारखे त्यांचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली, तुला ठाऊकच आहे. गल्ली काय म्हणते ते मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

आता मुद्द्यावर येतो. गाडीबरोबर आलेली माणसं सगळी विलायती होती, बोटाच्या पेराएवढी, कोट-टोपीतली. त्यातल्या एकाची टोपी घासून टक्कल पाडलं, कोट खाकी रंगवला आणि त्याला फलाटावरच्या बाकावर बसवलं. तो मी. तू बघून म्हणालीस, आण्णा, किती एकटे दिसताय हो. मी म्हटलं, गाडी यायची आहे अजून. तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रशने धूळ झटकायला घेतली, तर बाकावर माझ्याशेजारी एक बाई. विलायती बाईच्या झग्यावर पोपटी चिंधी गुंडाळून साडी नेसवलेली, डोक्यावर पदर. हलकेच हलवून पाहिली, तर पक्की चिकटवलेली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पोपटी म्हटलं की तुझी आई. सणाला दुसरा रंग तिने कधी अंगाला लावला नाही. म्हणजे हे काम तुझं. पण चिंधी शिवणकामातली, म्हणजे सविताबाईंचं. पण ब्लाउज आणायला गेलीस तेव्हा चिंध्या तूही आणल्या असशील. बरं, तुझी आई माझ्याशेजारी बाकावर कधी बसली का? एसटीत माझ्या मागच्या सीटवर, लग्नात बायकांच्या घोळक्यात. मग वाटतं, आता तरी बसू दे म्हणून लेकीनेच बसवली नसेल कशावरून? कोर्टात वकील तरी दोन असतात, इथे दोन्ही बाजूंनी मीच भांडतोय.

त्याच दुपारी सविताबाई आल्या. बाकाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाकडं भरलं व्हय." आपल्याकडच्या या 'व्हय'चं काय करावं सांग! विचारलं असलं तरी व्हय, सांगितलं असलं तरी व्हय. मी गडबडलो आणि मीही म्हणालो, व्हय. त्यांनी चहाची कपबशी विसळून पालथी घातली आणि निघून गेल्या. त्यानंतर आलेल्या नाहीत. समोरून मशीनचा आवाज दुपारभर येतो.

मी काय कबूल केलं, ज्ञानू? बाई त्यांनी ठेवली असेल, तर मी होकार देऊन बसलोय आणि वर चार दिवस तोंड लपवून घरात आहे. तू ठेवली असशील, तर त्या समजल्या असतील की माझ्याशेजारची जागा तुझ्या आईची आहे, आणि मी त्यावर शिक्का मारला. तुझ्या आईची आठवण येते, ती येतच राहणार. पण दुपारी दाराकडे लक्ष लागतं ते तिच्यासाठी नाही, हेही खरं. बापाने लेकीला असलं लिहावं का, कळत नाही. लिहिलं आहे खरं.

बाई कोणी बसवली एवढंच विचारण्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. तू बसवली असशील, तर तिथून मी तिला हलवणार नाही. पण मग मला समोर जाऊन सांगावं लागेल, की माझ्या त्या व्हयचा अर्थ तुम्ही घेतलात तो नव्हता. तू बसवली नसशील, तर जाऊन सांगावं लागेल, की अर्थ तोच होता. म्हणजे तू काहीही उत्तर दिलंस तरी मला गल्ली ओलांडायचीच आहे, हे आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आलं. तेव्हा बाईचं राहू दे. मला तुला दुसरंच विचारायचं होतं.

जाऊ का गं मी?

तुझाच,
आण्णा