रांजणातले मासे आणि माझं आरोग्यशास्त्र

५ जून, सकाळी ७
ठरलं. यंदा अख्ख्या राचबुरी प्रांतात डेंग्यू झाला तरी आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तीस वर्षं शाळेत आरोग्यशास्त्र शिकवलंय, गंमत नाही. डास घाणीत होतात. घाण शेजारी आहे. थोंगयूची बदकं, थोंगयूचं गटार. शी! त्या वासानं सकाळचा भात घशाखाली उतरत नाही.
संकल्प: गटाराविरुद्ध अर्ज. रोज संध्याकाळी सहाला मच्छरदाणी. चिडायचं नाही.

५ जून, दुपारी
चिडलो. लामदुआन आली होती. माझी मेहुणी, गल्लीची आरोग्यसेविका. दर शुक्रवारी बॅटरी घेऊन लोकांच्या रांजणांत डोकावत फिरते. आमचे सात रांजण, पावसाचं पाणी, तळ दिसतो. म्हणाली, भावोजी, यात गप्पी मासे सोडते. सोडलेसुद्धा! प्यायचं पाणी ते. मासे त्यातच खाणार, त्यातच हगणार.

६ जून
सगळे मासे गाळणीनं काढून थोंगयूच्या गटारात टाकले. तिथेच शोभतात. सायबुआ म्हणाली, अहो राहू द्या, माझी बहीण एवढं सांगून गेलीय. म्हटलं, जंतूंना नातीगोती कळत नाहीत. भांडी घासायला निघून गेली. पटलं असावं.

१९ जून
आज लामदुआननं वाळूसारखं औषध आणलं, रांजणात टाकायला. वास रॉकेलसारखा. तिला औषधासकट परत पाठवली. म्हणे हा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आता स्वच्छतेलाही नावं ठेवा! झाकणं तरी घाला म्हणाली. झाकल्यावर पाऊस आत पडणार कसा? बॅटरी उचलून पुढच्या घरी गेली.
अर्ज अजून लिहायचाय. पेन चांगलं नाही.

१० जुलै
सायबुआला ताप. ३९.५. डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणते. थोंगयूच्या फाटकाशी जाऊन त्याला असा फैलावर घेतला की बदकंसुद्धा गप्प झाली. संध्याकाळी तो आजारी माणसासाठी म्हणून अंडी घेऊन आला. मी घेतली नाहीत. सायबुआनं घेतली.

११ जुलै
लामदुआननं रक्त तपासून आणलं. डेंग्यूच. वर मला बजावलं, ताप उतरेल त्या दिवशी जास्त जपा, पोट दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल. ताप उतरल्यावर जपायचं! कोण शिकवतं या लोकांना?

१४ जुलै, सकाळी
उतरला! ३६.८. पेज, नारळपाणी आणि माझी शिस्त. लामदुआनला फोन करून चार शब्द सुनावले. सायबुआ पोट दुखतंय म्हणते. अशक्तपणा, दुसरं काय.

१४ जुलै, दुपारी ३
उलटी. काळपट. हातपाय गार. मी फोन केला. लामदुआन थोंगयूला घेऊनच आली. मला कोणी काही विचारलं नाही. त्याच्या मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये सायबुआला निजवलं आणि नेलं. मी सायकलवर मागे. घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. रडलोही.

१६ जुलै
प्लेटलेट अठरा हजार. सलाईन चालू. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी पाणी साठवता का? मी तोंड उघडायच्या आत सायबुआ पडल्या पडल्या म्हणाली, सात रांजण, मासे ह्यांनी काढले. पाणी मागायला आवाज नव्हता तिला. एवढं बोलायला होता.

१८ जुलै
लामदुआननं बॅटरी मारून दाखवलं. सातांपैकी सहा रांजणांत अळ्या. वळवळ वळवळ. हे पाणी आम्ही प्यायलो! मोरीत जाऊन ओकलो. गटारात मात्र एक अळी नाही, माझे मासे तिथे खाऊन लठ्ठ झालेत. थोंगयू शेजारीच उभा होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
सगळे रांजण पालथे घातले. एकट्यानं. कंबर गेली.

२१ जुलै, संध्याकाळी
सायबुआला घरी सोडलं. धोका टळला म्हणाले. घर दोनदा पुसून, पेज करून बसलो होतो. ती बहिणीबरोबर आली, पण कपडे घ्यायला. लामदुआनकडे राहते म्हणाली, दोनच दिवस, अंगात जोर येईपर्यंत. बरोबर आहे, विश्रांती हवीच. मी म्हटलं, रांजण पालथे घातलेत. म्हणाली, दिसलं. मग आत गेली आणि भाताचा कुकर घेऊन निघाली.
दोन दिवसांसाठी कोणी कुकर नेत नाही.