खारट पोह्यांची ती मुलगी कोण?

अहो करुणाचे पप्पा,

तुम्ही गेल्यापासून भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुमचं गाणं मोबाईलवरच्या मराठी गाण्यांत पहिल्या नंबरावर गेलंय. आपली करुणा उड्या मारत सांगायला आली. मी मात्र एवढंच विचारते, ती मुलगी कोण?

जन्मभर गायन पार्टीत भीमगीतं गायलात. आजारपण लागायच्या आधी बीडला जाऊन हे एकच येडछाप गाणं रेकॉर्ड केलंत, तेही मला न सांगता! मुलगी बघायला गेलेला खुळा खारट पोहे मागून मागून खातो आणि म्हणतो, "मिठानं जीभ जळली गं, तरी जीव भरंना." वडवणीच्या बाजारात, वरातीत, टमटममध्ये, जिथं जावं तिथं तुमची जळलेली जीभ!

तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्या घरी पोहे वच्छाआक्कानं केले होते. माझ्या या थोरल्या बहिणीच्या हाताला चव आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मग खारट पोहे कुठले? माझ्याआधी तुम्ही गेवराईची एक पाहिली होती. तिचा विषय निघाला की तुम्हाला नेमकं बाहेर काम आठवायचं. पाणी कुठं मुरतंय, ते मला कळत नव्हतं का?

खरं सांगू? रडायला यायचं. संसार माझा आणि गाणं तिचं?

परवा आक्का आली. तिच्यापुढं सगळं ओकले. तर ती म्हणते,

"कांते, ते पोहे आपलेच व्हते. आईनं मीठ टाकलेलं मला ठाव न्हवतं, मी परत टाकलं. पाव्हण्यांनी बशा तशाच ठेवल्या, उठायलाच लागलते. तुज्या मालकानी दोनदा मागून खाल्ले, तवा समदे बसले."

बघायला आलेल्यांसमोर मुलीनं खायचं नसतं. मला कसं कळणार? आणि पोहे मुलीनंच केलेत, असं सांगायची रीत. म्हणजे माझ्या हातचे समजून खाल्लेत!

मग कधी बोलला का नाहीत? रोज ताट वाढून विचारायचे, मीठ बरोबर आहे ना? तुमचं ठरलेलं, "बेस हाय." आता त्या प्रत्येक "बेस हाय"चा मला संशय येतो. काय काय गिळलंत हो माझ्यापायी?

रविवारी गल्लीत लग्न आहे. पोरं तुमचं गाणं लावणारच. स्पीकरसमोर पहिली खुर्ची धरून बसेन. कुणी विचारलं, ही मुलगी कोण, तर सरळ सांगेन, मी. आणि पोहेही मीच केले होते म्हणेन.

जय भीम.

तुमचीच,
कांता