बाजू ब, तिसरं गाणं

देवळी, मंगळवार, संध्याकाळ

एकवीस नंबरच्या कॅसेटपुढचा शेरा वाचला आणि सकाळपासून फिरलेलं माझं डोकं एकदम थाऱ्यावर आलं.

बाबांचं कॅसेटींचं रजिस्टर मी काढलं ते मागच्या कोऱ्या पानासाठी. मेघनाला शेवटची चिठ्ठी लिहायची होती, आपलं आता संपलं म्हणून. सकाळी तिच्या भाजीच्या दुकानावर, भर बाजारात मला म्हणाली, "तूच बोलून राह्यला. माह्यं कधी ऐकतच नाई." मी तणतणत निघून आलो. कॉलेजही असंच सोडलं होतं.

आणि हा शेरा, बाबांच्या अक्षरात: "सेलूहून परत. बाजू ब, तिसऱ्या गाण्यावर थांबलेली. अशीच आणखी गाणी पाठवावी." पुढे कितीतरी कॅसेटींसमोर तसंच. सेलू म्हणजे आईचं माहेर!

आईला विचारलं तर लाजलीच. "लग्न जुळल्यावर तुहा मामा कॅसेटी ने-आण करे. आवडलं गाणं झालं का मी टेप तिथंच बंद करो. तुह्या बाबाले कसं समजे, देवाले ठाऊक."

तेवढ्यात बाबा दुकानातून आले. "परत आलेली कॅसेट ऐकत होतो ना बाप्पा, अजून काय!"

माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा माणूस! तिसऱ्या गाण्यावर थांबलेली, एवढ्यावरून... आणि दोन वर्षांत मेघनाला कोणतं गाणं आवडतं, मी विचारलंय तरी?

चिठ्ठी लिहिली नाही. पान कोरंच राहू दे. बाजार अजून उठला नसेल. ही ओळ संपली की दार ओढून घेतो आणि निघतो. आज ती बोलेल.