लाल अर्काचे दाणे

प्रिय शेवाळराणी,

हे नाव तुला आपल्या क्रीमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीमामांनी ठेवलं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. भिंतीपलीकडची कुजबुजही माझ्या कानांतून सुटत नाही, हे तू जाणतेसच. तुझ्या खोलीतल्या काचेच्या टाकीतलं शेवाळ आता तुझी आई ढवळते. पोरगी गेली आणि हे हिरवं कार्टं माझ्या गळ्यात मारून गेली, म्हणते. पण सकाळचा चहा टाकीपाशीच बसून घेते.

परवा तिच्याकडूनच कळलं की तू क्रीम बनवायचं काम सोडून कुठेशी लेबलं तपासायची नोकरी धरतेयस. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. कडक उन्हात लाल पडणाऱ्या त्या शेवाळाचा, त्वचा जपणारा लाल अर्क उजेड-हवा लागली की स्वतःच नासतो, म्हणून त्याला खसखशीएवढ्या दाण्यांत कोंडायला तू दोन वर्षं घातलीस. ते दाणे घातलेलं सगळं क्रीम तीन आठवड्यांत तपकिरी पडलं, आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, पुस्तकं वाचून क्रीम होत नसतं. तू एप्रन काढून खुंटीला लावलास आणि गेलीस.

दीड महिन्यापूर्वी मिक्सरला तेल घालताना मिस्त्रीमामा पुटपुटले, ताईंनी हळू ठेवलेलं मशीन साहेबांनीच पळवलं. मी खोदून विचारलं. तू जेवायला गेली होतीस म्हणे. मग आठवलं. तीस वर्षं मी मिक्सरच्या वेगाचा काटा बघितला नाही, नुसत्या आवाजावर चालवला. त्या दिवशी मिक्सर कण्हत होता, म्हणून सवयीनं कळ फिरवली आणि तुझे दाणे भरडून काढले. इतके दिवस गप्प का बसलात, विचारलं, तर मामा म्हणाले, तुमच्या आवाजापुढे बोलायची कुणाची टाप आहे?

फ्रिजमधल्या तुझ्या बरणीत थोडे दाणे उरले होते. त्यांचं दोन डब्या क्रीम केलं, एक माझ्या वेगानं, एक तुझ्या. दोन्ही खिडकीत ठेवल्या. माझी आठव्या दिवशी फिकटली, आता चहासारखी झालीय. तुझ्या डबीतले दाणे चाळीस दिवसांनीही लालबुंद आहेत. आईनं न विचारता त्यातलं बोटभर लावलंसुद्धा.

बोललो सगळ्यांदेखत, म्हणून चूक कबूल केली तीही काल सगळ्यांदेखत. मामांनी चक्क टाळी वाजवली, म्हातारा! तू परत ये असं म्हणायला मी स्वतःला तोंड ठेवलेलं नाही. कुठेही राहा, पण हे काम सोडू नकोस. तुझे दाणे पक्के होते. दोन्ही डब्या सोबत पाठवतोय. तपकिरी डबीवर मी माझं नाव लिहिलंय.

तुझाच,
ज्याला उशिरा ऐकू आलं, तो बाबा